बाराव्या वर्षीचे दाणे

रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी मखमलाबादच्या घरी जमायचं, असा रंगनाथरावांचा निरोप आला तेव्हाच दिशानं ओळखलं की निर्णय झालेला आहे, आता फक्त चर्चा तेवढी उरली आहे. तिच्या वडिलांची ही जुनी रीत. आधी मनाशी ठरवायचं, मग चहा ठेवायला सांगायचा आणि मग सगळ्यांकडे बघून म्हणायचं, “बोला, तुमचं काय म्हणणं?”

विषय संतोषकाकाचा होता. रंगनाथरावांचा हा धाकटा भाऊ बारा वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका पहाटे गणेशवाडीच्या फुलबाजारात गेला, झेंडूचे क्रेट उतरवले, टेम्पोची किल्ली चहावाल्याकडे ठेवायला दिली आणि गेला तो गेलाच. घरात भांडण नव्हतं, बाहेर कुणाशी वाकडं नव्हतं. पोलिसात तक्रार झाली, पेपरात फोटो आला, इगतपुरीच्या स्टेशनावर कुणाला तरी दिसल्यासारखा वाटला, तिथंही दोन दिवस माणसं बसून आली. मागं राहिली ती मनीषाकाकू आणि सात वर्षांची निकिता. निकिता आता एकोणीस वर्षांची होती.

पंचवटीतल्या गुरुजींनी रंगनाथरावांना सांगितलं होतं की बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा, त्याला अग्नी द्यावा. म्हणजे जाणारा सुटतो आणि मागचेही सुटतात. पितृपक्ष चार दिवसांवर आला होता. त्याआधी हे झालं तर यंदा संतोषच्या नावानं पान मांडता येणार होतं.

दिशा कॉलेज रोडवरून स्कुटी मारत आली तेव्हा अंगणात शेवंतीच्या रोपांचे ट्रे पडले होते आणि आई, लताबाई, त्यातून वाट काढत चहाचे कप आत नेत होती.

“आलीस? पत्ते आणलेस का?” आईनं विचारलं.

“मला पत्ते आणायला कुणी सांगितलं नव्हतं.”

“मग नको काढूस. तुझे पप्पा आधीच चिडलेत.”

रंगनाथरावांच्या दृष्टीनं पोरगी एम.कॉम. होऊन टॅरोचे पत्ते पिसून लोकांचं भविष्य सांगते, याहून मोठी बदनामी पंचक्रोशीत नव्हती. मात्र अमोलचं, म्हणजे दिशाच्या भावाचं, लग्न तीन वर्षं जमेना तेव्हा हेच रंगनाथराव चार ज्योतिषांकडे जाऊन आले होते. ओझरच्या कारखान्यात कायम नोकरी असलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही म्हणजे काय? चौथ्या ज्योतिषानं सांगितलं, घरात एक जीव अडकलाय, त्याची सोय लावा. म्हणून भावाची आठवण एवढ्या घाईनं आली होती. दिशाला हे ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि रंगनाथराव सोडून बाकी कुणी ते लपवायची तसदीही घेत नव्हतं.

हॉलमध्ये सोफ्यावर कुसाआत्या पाय वर घेऊन बसली होती. रंगनाथरावांची ही थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी बांगड्या फोडून पाठवून दिली, आणि इथं येऊन पाहते तो आई अंथरुणाला खिळलेली आणि संतोष पाच वर्षांचा. आई महिनाभरात गेली. तेव्हापासून संतोष तिचाच. त्याच सुमाराला ती दाणे बघायला शिकली, कुणाकडून ते तिनं कधी सांगितलं नाही. भाजीबाजारातल्या बायका, मळेकरणी, लग्नाच्या पोरींच्या आया तिच्याकडे यायच्या. रीत साधी होती. विचारणारीनं आपल्या घरच्या कणगीतले चिमूटभर गहू आणायचे, रात्री उशाखाली ठेवायचे, मोजायचे नाहीत. आत्या ते पितळी ताटलीत ओतायची आणि बोटानं दोन-दोन बाजूला सारायची. शेवटी एक उरला तर होय. सगळे जोडीनं गेले तर नाही.

संतोष गेल्यापासून दरवर्षी गणपती बसून गेले की मनीषाकाकू पदराच्या टोकाला गहू बांधून आत्यापुढं बसायची. संतोष अजून आहे का? नसेल तर त्याचं पान मांडायचं. अकरा वर्षं एक दाणा उरला होता. अकरा वर्षं घरानं मानलं होतं की माणूस कुठं तरी आहे.

“बस माझ्यापाशी,” आत्या दिशाला म्हणाली. “मला आज काय दिसंना. एका डोळ्याचं आपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर म्हणतो दिवाळीनंतर. मोजायला तूच बस.”

“मी? आत्या, मला दाणे कुठं बघता येतात?”

“दोन-दोन सारायचे, त्यात काय बघायचंय? तू तर कागदावरची चित्रं बघून माणसांना सांगतीस.”

दिशा हसली. आत्याची आणि तिची ही थट्टा कॉलेजपासूनची. पहिल्यांदा टॅरोची पेटी ऑनलाइन मागवली तेव्हा सगळ्या घरात फक्त आत्यानं ती उघडून बघितली होती, एकेक पत्ता खिडकीच्या उजेडात धरून. गोदाघाटावर पोपटवाला बसायचा, त्याच्याकडे असलेच होते, म्हणाली, पण त्याच्या पोपटाला डाळ द्यावी लागायची. दिशानं तिला सांगितलं होतं की हे पत्ते मुळात भविष्याचे नव्हतेच. सहाशे वर्षांपूर्वी इटलीतले सरदार-दरकदार त्यांनी चक्क डाव खेळायचे, जसे आपण रमी खेळतो. तीनशे वर्षं नुसता खेळच चालला. मग पॅरिसात एका विद्वानाला वाटलं की ही इजिप्तची गुप्त विद्या आहे. त्याला पुरावा काही नव्हता, पण लोकांना ते आवडलं, आणि तेव्हापासून पत्ते बोलायला लागले.

आत्या त्यावर म्हणाली होती, “त्यात काय एवढं? दाणेबी आधी खायचेच होते.”

कॉलेज रोडवरच्या भाड्याच्या खोलीत, समोर घाबरीघुबरी बाई बसलेली असताना, दिशाला कितीदा तरी हे वाक्य आठवायचं. पत्त्यांना काही माहीत नसतं, हे तिनं पहिल्या वर्षातच ओळखलं होतं. माणूस उत्तर घेऊनच येतो. पत्ता उलटला की त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायचं, आणि तेच त्याला वळवून सांगायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. लहानपणी आत्याच्या शेजारी बसून ती ते शिकली होती. आत्या बोटांनी दाणे सारायची, पण बघायची समोरच्या बाईकडे.

“बोला,” रंगनाथराव खुर्चीत पुढं सरकले. “गुरुजींनी त्रयोदशीचा दिवस दिलाय. आता तुमचं काय म्हणणं?”

“दिवस घेऊनच आलात, मग काय म्हणायचं?” आत्या म्हणाली.

“आक्का, बारा वर्षं झाली. मी काय त्याचा वैरी हाय का? भाऊ हाय माझा.”

“अमोलचं जमत नाय म्हणून भाऊ आठवला तुला.”

“असं नाही आक्का,” लताबाई मध्ये पडल्या. “मनीषाचा पण विचार केला पाहिजे ना. ना इकडची, ना तिकडची.”

“माझ्या आईचा विचार आईला करू द्या,” निकिता दारातून म्हणाली. ती आत येऊन बसायलाही तयार नव्हती. “मोठे पप्पा, तुम्ही पुतळा जाळणार, आणि उद्या पप्पा दारात उभे राहिले तर? त्यांना काय सांगू?”

“आलाच तर पुन्हा नामकरण करायचा विधी हाय त्याला. गुरुजी म्हणाले.”

“म्हणजे सगळ्याची सोय आहे.”

रंगनाथरावांच्या पायाच्या अंगठ्याची फरशीवर चाललेली हालचाल दिशाला दिसली. त्यांचं काही तरी दुखत होतं, पण ते त्यांनी अमोलच्या लग्नाखाली इतकं दाबून ठेवलं होतं की आता त्यांनाही सापडत नसावं.

मनीषाकाकू खाली सतरंजीवर बसली होती. चव्वेचाळीस वर्षांची, फुलशेतीच्या शेडनेटमधल्या कामानं रापलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, “नेहमीसारखं करू. दाणे काय म्हणतात ते बघू. जोडीनं गेले तर विधी करायचा, उरला तर नाही. भाऊ, चालेल?”

रंगनाथरावांनी आत्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. अकरा वर्षांचा अनुभव त्यांच्या बाजूचा नव्हता. पण नाही कसं म्हणणार? “चालेल,” ते म्हणाले. “पण ही शेवटची वेळ.”

काकूनं गहू ताटलीत ओतले. दिशा पुढं सरकली. तिनं उजव्या हाताचं बोट टेकवलं आणि दोन दाणे डावीकडे सारले. पुन्हा दोन. गहू स्वच्छ निवडलेले होते, एकही फुटका नाही. सहा जोड्या झाल्या, सात झाल्या. निकिता दार सोडून जवळ आली होती. दहा. अकरा. ताटलीत दोन दाणे राहिले होते, आणि दिशाचं बोट थांबलं.

तिनं वर बघितलं, शिकवल्याप्रमाणे, समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे. काकू दाण्यांकडे बघतच नव्हती. ती आत्याकडे बघत होती.

दिशानं शेवटची जोडी सारली. ताटलीचा मधला भाग मोकळा झाला.

“जोडीनं गेले,” रंगनाथराव हळूच म्हणाले.

“थांब थांब, नीट बघ,” आत्या पुढं वाकली. तिचा हात चाचपडत ताटलीवर आला, कडेनं फिरला आणि मागं गेला. “हा काय, कडेला एक राहिला. तुझ्यापेक्षा माझा एक डोळा बरा.”

ताटलीच्या कडेला खरंच एक दाणा होता. तो आधी तिथं नव्हता. दिशा रोज आठ तास हातांकडे बघणारी मुलगी. आत्याची करंगळी मिटलेली होती आणि परत जाताना उघडली, एवढं तिला स्पष्ट दिसलं होतं.

आता तिनं बोलायचं होतं की गप्प राहायचं होतं? घोटभर चहा पिण्याइतक्या वेळात तिच्या मनात किती तरी गोष्टी येऊन गेल्या. बोलली तर पंचेचाळीस वर्षं ज्या बाईच्या शब्दावर बाजारातल्या बायका घरं चालवत होत्या, ती सगळ्यांसमोर खोटी पडणार. नाही बोलली तर काकू आणखी एक वर्ष कुंकू लावून दाराकडे बघणार, मग आणखी एक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथं मूठ कुणाची आणि झाकणार कोण?

तिला वाचवलं ते काकूनंच.

“आक्का,” काकू म्हणाली, “चोवीस होते.”

“काय?”

“मी मोजून आणले होते. चोवीस. दरवर्षी चोवीसच आणते, आठ वर्षं झाली.”

आत्याचा हात मांडीवर तसाच उघडा पडला होता.

“मोजलेले दाणे बोलत नाहीत, मनीषा,” ती शेवटी म्हणाली. “रीत ठाऊक हाय ना तुला?”

“ठाऊक आहे. तुमचा वरचा दाणाही कुठं बोलत होता?”

“कधी कळलं तुला?”

“तिसऱ्या वर्षी. माहेराहून खपली गहू आले होते, तेच उशाखाली ठेवले. लालसर, लांबट. तुम्ही मोजले आणि जो उरला तो आपला लोकवन होता. पांढरा.” काकूनं ओठ दाबले. “त्या दिवशी मी काही बोलले नाही. म्हटलं, चुकून मिसळला असेल. पुढच्या वर्षी मोजून आणले. चोवीसातून पंचवीस निघाले.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?” रंगनाथराव उठून उभे राहिले होते. “आठ वर्षं हा खेळ चाललाय, आणि आम्ही...”

“कुणाला सांगायचं होतं, भाऊ? या घरात माझ्या बाजूनं एक आक्का होत्या. त्यांनाच खोटं पाडू?”

आत्याच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी तिनं मनीषा जिथं बसली होती तिकडे मान वळवली. “अगं, तुझं कुंकू राखत होते मी. बाविसाव्या वर्षी माझ्या हातातल्या काचा माझ्या सासूनं फोडल्या, त्याचे वण अजून हायेत. पुढं प्रत्येक लग्नात मागच्या दारानं. तुझ्या वाट्याला ते यायला नको, म्हणून टाकत गेले एकेक दाणा. त्यात माझं काय चुकलं?”

“माझं कुंकू राखलंत आक्का, पण मला विचारलंत का?” काकूचा आवाज चढला नव्हता. “दरवर्षी मी सम दाणे घेऊन येत होते. म्हणजे काय? मी विचारायला येत नव्हते. मी मागायला येत होते. सोडा म्हणून.”

दिशाला एकदम आठवलं. आषाढात काकू तिच्या खोलीवर आली होती, फुलं पोचवायच्या निमित्तानं. पत्ता काढ म्हणाली, कशासाठी ते बोलली नाही. तेरावा पत्ता निघाला, काळ्या कवचातला, घोड्यावर बसलेला मृत्यू. लोक दचकतात म्हणून दिशानं नेहमीचं वाक्य गोड आवाजात म्हटलं होतं, काकू, याचा अर्थ मृत्यू नाही हं, याचा अर्थ बदल. काकूचा चेहरा सैल पडला होता. दिशाला वाटलं, सुटल्यासारखं झालं असेल. आता कळलं की तो चेहरा तिला वाचताच आला नव्हता. आणि तिचं ते गोड वाक्य, जे ती आठवड्यातून दहा जणींना सांगायची, तो तिचाही करंगळीतला दाणाच होता.

“तुला पप्पा मेलेलेच हवेत,” निकिता म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “सरळ म्हण ना आई.”

“मला ते मेलेले नको आहेत, निकी. मला वाट बघायची नाही.” काकू तिच्याकडे वळली. “बारा वर्षांत मी माहेरी एक रात्र राहिले नाही. का? तर ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर? तुझी आजी सिन्नरला दवाखान्यात होती, तेव्हाही संध्याकाळच्या एसटीनं परत आले. फोनचा नंबर बदलला नाही. अनोळखी नंबर आला की अजून हातातलं काम टाकून धावते, आणि पलीकडून कुणी तरी विमा विकत असतं. तू शाळेत गेलीस, कॉलेजला गेलीस, तुझे दिवस पुढं सरकले. माझा एकच दिवस बारा वर्षं चाललाय.”

निकितानं दिशाकडे येऊन तिचा खांदा धरला. “ताई, तू काढ. पत्ते नाहीत तर मोबाइलवर काढ, त्यात असतात ना? तू खोटं सांगत नाहीस. पप्पा आहेत का, एवढंच विचार.”

“पत्त्यांना माहीत नाही, निकी.”

“दुसऱ्यांना तर सांगतेस.”

“दुसऱ्यांना मी सांगते ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. संतोषकाका कुठं आहे ते आपल्यापैकी कुणाच्या तोंडावर लिहिलेलं नाही. ना दाण्यांत, ना पत्त्यांत.” आपल्या धंद्याबद्दल इतकं खरं ती पहिल्यांदाच बोलत होती, तेही पप्पांसमोर. “काकूला काय हवंय, ते मात्र लिहिलेलं आहे. ते वाचायला पत्ते लागत नाहीत.”

निकितानं हात काढून घेतला. पण ती दाराकडे परत गेली नाही. सतरंजीवर आईपासून हातभर अंतरावर बसली.

लताबाईंनी कप गोळा करायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. “मनीषा,” त्या म्हणाल्या, “आमच्या अमोलसाठी करू नकोस हो काही. मी बोलले असेन, पण त्यासाठी नको.”

“नाही ताई. माझ्यासाठी करतेय.”

“मग ठरलं,” रंगनाथराव म्हणाले. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, पण मिळाल्यासारखं काही तोंडावर दिसत नव्हतं. “पण विधी झाला म्हणजे मग... बाकीचंही येतं. बांगड्या, कुंकू...”

“तिच्या बांगडीला कुणी हात लावायचा नाय,” आत्या म्हणाली. “ठेवायचं ते ती ठेवील, काढायचं ते ती काढील. गुरुजीला मी सांगते.”

“तुमचा शब्द मोडून कुणी मला काही म्हणणार नाही, मला माहीत आहे,” काकू म्हणाली. ती गुडघ्यांवर सरकत सोफ्यापाशी गेली आणि ताटली उचलून आत्याच्या मांडीवर ठेवली. “पण आक्का, एक करा. दिशानं मोजलं ते नको, भाऊंनी ठरवलं तेही नको. दाणे काय म्हणाले ते तुमच्या तोंडानं सांगा.”

आत्यानं ताटली दोन्ही हातांनी धरली.

“कुंकवाचं खोटंच बोलले मी,” ती म्हणाली. “म्हणजे, तेबी होतं. पण पहिल्या वर्षी दाणे जोडीनं गेले ना मनीषा, तेव्हा तू मनात आलीच नव्हतीस. पाच वर्षांचा होता तो, माझं बोट धरल्याशिवाय झोपायचा नाय. मला म्हणवंना. तोंडच उघडंना. म्हणून घेतला एक दाणा खालचा आणि टाकला.” तिनं ताटलीच्या कडेवरचा पंचविसावा दाणा चाचपून शोधला आणि बाहेर काढून फरशीवर ठेवला. “माझ्यापायी तुझी बारा वर्षं गेली.”

“सांगा आक्का.”

“जोडीनं गेले,” आत्या म्हणाली. मग तिनं श्वास घेतला. “गेला गं आपला संतोष.”

जिवंत माणसाच्या नावानं रडू नये, त्याला बाधतं, अशी बायकांची समजूत असते, आणि त्या घरानं ती बारा वर्षं पाळली होती. संतोषचा फोटो काढला की कुणी तरी विषय बदलायचं, कुणाचे डोळे भरले की त्याला आत पाठवायचं. त्यामुळे आता काय करायचं ते क्षणभर कुणालाच सुचलं नाही. सगळ्यात आधी रडले ते रंगनाथराव. भिंतीकडे तोंड करून, शर्टाच्या बाहीत, शाळेतल्या मुलासारखे. मग आत्या, मग निकिता, तिनं आईच्या पाठीत तोंड खुपसलं. दिशानं डोळे पुसले आणि कुणाच्याही चेहऱ्याकडे बघितलं नाही.

मनीषा सगळ्यांत शेवटी रडली. मोठ्यानं, नवऱ्याला नावानं हाक मारत, अंगणापलीकडच्या मळ्यात ऐकू जाईल अशी. तिला कुणी गप्प केलं नाही.